ड्रॅगनच्या पोटातला कारकून

लहानपणी कांजिण्या येतात तसं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला काली लिनक्स येतं. एकाला आलं की अख्ख्या होस्टेलला येतं, आठ-दहा दिवस अंगात ताप राहतो, आणि एकदा येऊन गेलं की सहसा पुन्हा येत नाही. ज्यांच्या अंगात ते कायमचं मुरतं, त्यांना पुढे कंपन्या पगार देतात.

लक्षणं ठरलेली आहेत. मुलगा खोलीतला दिवा घालवून बसायला लागतो. लॅपटॉपच्या पडद्यावर कालीचं चिन्ह असलेला एक ड्रॅगन येतो. काळ्या चौकटीत अक्षरं सरसर वर सरकत असतात आणि मुलगा त्यांच्याकडे टक लावून बघत असतो. आत फक्त अपडेट चालू आहे, हे आईला कळायचं काही कारण नसतं. ती वडिलांना हळूच म्हणते, "अहो, हा काहीतरी भलतंच करतोय." वडील दारातून डोकावतात, चष्मा वर-खाली करतात आणि विचारतात, "यातलं परीक्षेला काय आहे?"

परीक्षेला काही नसतं, पण काली या सुरक्षा-चाचणीच्या संगणक प्रणालीचं खानदान मोठं असतं. सीडीवरून चालणाऱ्या नॉपिक्सपासून व्हॉपिक्स झालं, व्हॉपिक्सचं व्हॅक्स झालं. तिकडे ऑडिटर नावाचं दुसरं घराणं नांदत होतं. २००६ साली दोघांची सोयरीक होऊन बॅकट्रॅक जन्माला आलं. पुढे ऑफेन्सिव्ह सिक्युरिटी या कंपनीनं सगळा संसार डेबियनच्या पायावर नव्यानं मांडला आणि १३ मार्च २०१३ रोजी अॅमस्टरडॅमला, ब्लॅक हॅट युरोप या परिषदेत, काली लिनक्स म्हणून त्याचं बारसं केलं. आत सहाशेच्या वर हत्यारं आहेत. नेटवर्क चाचपणारी, पासवर्ड ओळखणारी, वेबसाइटच्या फटी शोधणारी. आणि हे सगळं फुकट, शिवाय कोड उघडा. कोणीही वाचावा, कोणीही बदलावा.

ते बनवणाऱ्यांनी आपल्या माहितीपानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय की हे व्यावसायिक सुरक्षा-चाचणीकारांसाठी आहे. तुम्हाला लिनक्सची ओळख नसेल, किंवा रोजच्या कामाला, वेबडिझाइनला, गेम खेळायला काही हवं असेल, तर हे घेऊ नका. ज्याला लिनक्सची ओळख नाही आणि ज्याला गेम खेळायचे आहेत, नेमका तोच मुलगा हे वाचून ते उतरवायला घेतो. 'मिस्टर रोबोट' या मालिकेत ड्रॅगन दिसल्यापासून तर विचारूच नका.

माझा या जगाशी संबंध काठावरचा. सुरक्षा-चाचणी करणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीचे रिपोर्ट क्लायंटकडे जाण्याआधी भाषा तपासायला माझ्याकडे येतात. हत्यारं चालताना मी कमी पाहिली, पण ती चालवून दमलेली मुलं टाइप करत बसलेली भरपूर पाहिली. त्यावरून माझं एक मत झालंय. या धंद्यात हत्यारं दरोडेखोराची आणि काम कारकुनाचं.

सुरुवात दारातूनच होते. जगभरच्या कुलपांची परीक्षा घेणाऱ्या या प्रणालीचं स्वतःचं कुलूप कित्येक वर्षं सगळ्या जगाला पाठ होतं. वापरकर्ता 'रूट', पासवर्ड 'टूर'. रोमन लिपीत तीच चार अक्षरं उलटीकडून. २०२० साली यात सुधारणा झाली. आता तयार इमेज उतरवली तर वापरकर्ता 'काली' आणि पासवर्डही 'काली'. अक्षरं उलटी करायचा त्रास वाचला.

आत गेल्यावर पासवर्ड टाइप करावा तर पडद्यावर काहीच उमटत नाही. ठिपका नाही, फुली नाही. नवा मुलगा घाबरून कळफलक बदलायला निघतो. लिनक्सची ती पद्धतच आहे. किती अक्षरं टाइप केली तेसुद्धा मागे बसलेल्याला कळू नये, म्हणून टाइप करणाऱ्यालाही कळू देत नाहीत. मग पहिल्यांदा वरिष्ठाचे अधिकार मागितले की तीन कलमी उपदेश येतो: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान ठेवा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि अधिकार मोठा तशी जबाबदारी मोठी. हातात दरोड्याचं सामान देताना आधी सुविचार ऐकवणारं दुसरं दुकान मी पाहिलेलं नाही.

त्यानंतरचा टप्पा वायफायचा. काली घेतलेल्या प्रत्येक मुलाला सर्वप्रथम वायफायच फोडायचं असतं, आणि तिथेच पहिला खर्च येतो. लॅपटॉपमधलं वायफाय पुष्कळदा 'मॉनिटर मोड'मध्ये जातच नाही, म्हणजे हवेतून जाणारं सगळ्यांचं बोलणं मुकाट्यानं ऐकत बसायची त्याची तयारी नसते. त्यासाठी वेगळा, अँटेनावाला अॅडॉप्टर घ्यावा लागतो. फुकटातल्या प्रणालीचं पहिलं बिल वडिलांच्या नावानं फाटतं.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा असाच अँटेना लावून बसला होता. स्वतःच्याच घरातल्या राउटरवर प्रयोग चालला होता, तेवढा तो शहाणा. राउटर आणि फोन एकमेकांना भेटताना जी देवाणघेवाण होते ती त्यानं पकडली आणि घरचा पासवर्ड ओळखायला रॉकयू नावाची यादी जुंपली. या यादीचीही गंमत आहे. रॉकयू ही अमेरिकेतली कंपनी, सोशल साइटवर लावायची खेळणी बनवणारी. २००९ मध्ये तिथून तीन कोटींच्या वर खात्यांचे पासवर्ड चोरीला गेले, आणि ते कंपनीनं जसेच्या तसे, कुठलंही आवरण न घालता साठवले होते. त्यातून दुहेरी गाळून उरलेली सुमारे १ कोटी ४३ लाख पासवर्डांची यादी आज कालीबरोबर आपोआप येते. चोरीचा माल पुढे पाठ्यपुस्तक झाला. यादीत पहिला नंबर '१२३४५६' चा, आणि पहिल्या दहांत 'आय लव्ह यू' व 'प्रिन्सेस' मानानं बसलेत. माणसाचा कंप्युटरवर विश्वास नसेल, पण प्रेमावर आहे.

मुलाचा लॅपटॉप पंख्याचा आवाज करत यादी वाचत राहिला. अमेरिकन प्रेयस्या, कुत्री, फुटबॉलचे संघ, सगळे येऊन गेले. राउटर काही उघडेना.

"काय शोधतोस एवढं?" आईनं विचारलं.

"आपल्या वायफायचा पासवर्ड."

"मग मला विचारायचं ना. बाबांनी फ्रिजवर लावून ठेवलाय."

"आई, विचारून घ्यायचा नसतो, शोधायचा असतो."

"बरं," आई म्हणाली. "शोध. समोरच्या काकूंचा हवा असला तर तोही आहे माझ्याकडे. परवा वाटी परत करायला गेले होते, तेव्हा आपलं नेट बंद होतं. त्यांनी आपणहून लिहून दिला. नातवाचं नाव आणि जन्मसाल आहे."

या प्रकाराला धंद्यात 'सोशल इंजिनिअरिंग' म्हणतात आणि त्याचे महागडे कोर्स असतात. मुलाच्या यादीत एक कोटीच्या वर पासवर्ड होते, पण काकूंच्या नातवाचं नाव अमेरिकेत कुणी ठेवलेलं नव्हतं. त्या मुलाला मात्र तिथेच खरी दिशा मिळाली. कालीमध्ये 'क्रंच' नावाचं हत्यार आहे, ते तुम्ही सांगाल त्या साच्यात पासवर्ड पाडून देतं. मुलानं आजोबांचं नाव, कुलदैवत, गाडीचा नंबर आणि शेवटी '@१२३' असा साचा लावला. घरचा राउटर तासाभरात उघडला. बाबांनी फ्रिजवरचा कागद काढून पाकिटात ठेवला आणि सुरक्षा वाढवल्याचं जाहीर केलं.

मुलगा या क्षेत्रात आहे हे नातेवाइकांत पसरलं की पुढचा अंक सुरू होतो. पहिला फोन मामांचा.

"अरे, तुझ्या ताईसाठी एक स्थळ आलंय. मुलगा बंगलोरला असतो. त्याचं इन्स्टाग्राम जरा आतून बघता येईल का?"

"मामा, तो गुन्हा आहे."

"गुन्हा कसला? आपण लग्नाच्या दृष्टीनं बघतोय."

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० लग्नाच्या दृष्टीनं बघत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कंप्युटरमध्ये शिरणं कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्यानं एवढं सगळं समजावून सांगितल्यावर मामांनी मधला मार्ग काढला. "बरं, मग परवानगी घेऊन कर. मुलाच्या वडिलांना विचारू का?"

हसण्यावारी नेऊ नका. मामांना धंद्याचं मर्म कळलं होतं. पेनटेस्टिंग, म्हणजे हीच सुरक्षा-चाचणी, आणि चोरी यांतला फरक ना हत्यारात असतो, ना हातात. तो एका सही-शिक्क्याच्या कागदात असतो. कोणते सर्व्हर तपासायचे, कोणत्या तारखांना, किती वाजता, काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सगळं लिहून मालकाची सही घ्यायची, मग एंटर दाबायचं. ज्याच्याकडे तो कागद नाही त्याच्यासाठी सरावाची वेगळी सोय आहे. 'मेटास्प्लॉइटेबल' नावाचा मुद्दाम भोकं पाडलेला सर्व्हर आपल्याच मशीनवर उभा करता येतो. पोर्ट, म्हणजे मशीनची आत-बाहेर करायची दारं, चाचपणाऱ्या एनमॅप या हत्याराच्या कर्त्यांनी स्वतःचा एक सर्व्हर सगळ्यांना खुला ठेवलाय, फक्त दिवसभर छळू नका एवढीच विनंती केलीय. बेतानं छळायची परवानगी मालकानं आपणहून दिलेली जगात फार थोडी ठिकाणं उरलीत.

या क्षेत्रातली नावाजलेली परीक्षा पाहिली की माझं मत आणखी पक्कं होतं. काली बनवणाऱ्या कंपनीचीच ती परीक्षा, ओएससीपी. वेळ २३ तास ४५ मिनिटं. कॅमेरा चालू, समोर अनोळखी मशीन, झोप ऐच्छिक. ब्रीदवाक्य एवढंच की आणखी जोर लावा. बाहेरच्यांना वाटतं, पावणेचोवीस तासांत मशीन फोडली की झालं. तसं नसतं. त्यानंतर आणखी २४ तास मिळतात आणि त्यात काय केलं, कसं केलं, याचा पायरीपायरीनं पुराव्यासह रिपोर्ट लिहून द्यायचा असतो. तो नीट नसेल तर फोडलेली मशीनही तुमच्या खात्यात जमा होत नाही. फोडायला एक दिवस, लिहायला एक दिवस. आपल्याकडच्या जुन्या खात्यांत हे प्रमाण याहून फारसं वेगळं नव्हतं.

पास झालेली मुलं मग कंपनीत येतात आणि ड्रॅगन लपवायला लागतात. कालीत त्याचीही सोय आहे. २०१९ च्या शेवटच्या आवृत्तीपासून 'अंडरकव्हर' नावाची एक आज्ञा आली. ती दिली की सगळा पडदा हुबेहूब विंडोज १० सारखा होतो. कारण चारचौघांत बसून ड्रॅगन उघडला की लोक बघायला लागतात. आमच्याकडचा एक मुलगा सिंहगड एक्स्प्रेसनं मुंबईला क्लायंटकडे निघाला होता. खिडकीची जागा, पडद्यावर खोटं विंडोज, खाली खरं काली. गाडी कर्जत सोडते न सोडते तोच शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "एक्सेल येतं का हो तुम्हाला?" नाही म्हणायची सोय नव्हती, समोर विंडोज दिसत होतं. कल्याण येईपर्यंत तो त्यांच्या पतसंस्थेच्या थकबाकीदारांची यादी लावून देत होता. वेशांतर एवढं चोख जमलं की पोलिसांनीसुद्धा त्याला टायपिंगला बसवलं असतं.

काली बनवणाऱ्यांनाही कधी ठेच लागत नाही असं नाही. काली आपली नवी पॅकेजं एका डिजिटल किल्लीनं सही करून पाठवतं, म्हणजे वाटेत कोणी भेसळ केली तर कळावं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं की सहीची जुनी किल्ली आता आमच्या हातात राहिलेली नाही. चोरीला गेलेली नाही, फक्त आमच्यापाशी नाही. त्यामुळे आता नव्या किल्लीनं सही होईल, ती प्रत्येकानं हातानं बसवून घ्यावी, तोवर अपडेट अडेल. जगभरातल्या कुलूपफोड्यांनी त्या आठवड्यात गुपचूप एक ओळ टाइप केली आणि किल्ली बसवून घेतली. मोकळेपणानं कबूल केलं म्हणून त्यांचा मानच वाटतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हे अजून एकाही सभेत कबूल झालेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. सिनेमात हॅकर दहा बोटांनी टाइप करतो आणि अकराव्या सेकंदाला 'आत शिरलो' म्हणतो. एनमॅप हे हत्यार गॉर्डन लायन यांनी १९९७ साली लिहिलं आणि २००३ च्या 'मॅट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटीनं वीजकेंद्र बंद पाडताना ते खरंखुरं चालवलं. तिला क्षणभर लागला. आमच्या मुलांना तसं जमत नाही. एका मशीनला ६५,५३५ टीसीपी पोर्ट असतात. सगळे तपासायचे म्हटलं की एनमॅप आपल्या गतीनं चालतं, आणि मध्येच एंटर दाबलं की किती टक्के झालं ते सांगतं. म्हणून मुलं एंटर दाबत बसतात. बारा टक्के. चहा. चौदा टक्के. मेटास्प्लॉइट हे आत शिरायचं हत्यार उघडलं की कधी कधी अक्षरांनी काढलेली एक गाय येते आणि स्वागत करते. रात्री दोन वाजता, क्लायंटच्या थंडगार सर्व्हर रूममध्ये, तेवढीच सोबत.

रात्रीचीच वेळ का, तर कागदात तसं लिहिलेलं असतं. अकरा ते पाच. त्याच कागदात खाली आणखी एक ओळ असते: कोपऱ्यातल्या त्या जुन्या सर्व्हरला हात लावायचा नाही.

"का हो?"

"हात लावला की पडतो."

"त्याच्यावर काय चालतं?"

"सगळं."

"कोणी बसवला होता?"

"ते साहेब रिटायर झाले. त्यांच्याकडे मोबाइल नाही."

मग बाकीचं तपासून मुलं परततात आणि लिहायला बसतात. प्रत्येक फाइंडिंगला, म्हणजे सापडलेल्या त्रुटीला, नाव, तीव्रता, वर्णन, परिणाम, पुरावा, उपाय. पुराव्याला स्क्रीनशॉट, स्क्रीनशॉटमधल्या पासवर्डवर काळी पट्टी, आणि पट्टीखालून पासवर्ड दिसत नाही ना हे दुसऱ्यानं तपासायचं. रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण त्याचा आत्मा मंत्रालयातला. रात्री सर्व्हरचा ताबा घेतलेला मुलगा सकाळी लिहितो की सर्व्हरचा ताबा घेतला जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. मी ते खोडतो, तो पुन्हा लिहितो. वरिष्ठांनी सांगितलंय म्हणे, क्लायंटला एकदम धक्का बसायला नको.

क्लायंटला धक्का बसत नाहीच, तो घासाघीस करतो. धोक्याला शून्य ते दहा गुण देण्याची जागतिक पद्धत आहे. नवापासून क्रिटिकल, सातपासून हाय, चारपासून मीडियम. रिपोर्ट हाती पडला की आयटी प्रमुखांचा फोन येतो.

"ते पाच नंबरचं क्रिटिकल आहे, ते हाय करता येईल का? संचालकांसमोर ठेवायचंय."

"सर, ९.८ आहे ते."

"मग ८.९ करा. तुमचं राहिलं, माझं राहिलं."

"सर, ते सूत्रातून येतं."

"सूत्रात थोडं काही इकडं-तिकडं?"

सूत्रात इकडं-तिकडं होत नाही म्हटल्यावर त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. फोडलेल्या सर्व्हरबद्दल त्यांची तक्रार नसते. तो तसाही मंदच चालत होता.

तीन महिन्यांनी रीटेस्ट होतो. सांगितलेल्या दुरुस्त्या झाल्या का, हे बघायला मुलगा पुन्हा जातो. परवानगीचा नवा कागद, नवी सही, अकरा ते पाच. परवा असाच एक रिपोर्ट माझ्याकडे आला. मुख्य फाइंडिंग होतं की सर्व्हरचा पासवर्ड 'अॅडमिन@१२३' आहे, तो सहज ओळखता येतो, बदलावा. क्लायंटनं कार्यवाही पूर्ण झाल्याचं पत्र जोडलं होतं. मुलानं जाऊन तपासलं. पासवर्ड खरोखर बदलला होता. आता तो 'अॅडमिन@१२३४' होता. फाइंडिंग बंद करावं की उघडं ठेवावं यावर टीममध्ये अर्धा दिवस चर्चा झाली, दोन मेल वर गेले, आणि शेवटी वरिष्ठांच्या संमतीनं त्या रकान्यात शेरा पडला: 'अंशतः पूर्तता. उर्वरित कार्यवाही अपेक्षित.' अख्ख्या रिपोर्टात मला खोडावं असं न वाटलेलं तेवढं एकच वाक्य होतं.